एक वाटी कोशिंबीर



पाठाचे नाव वाचून तुमच्यापैकी काही जण हसले असतील. मराठीच्या पुस्तकात थोर पुरुषांवर, नद्यांवर, किल्ल्यांवर आणि सणांवर पाठ असतात. कोशिंबिरीवर कधी पाठ असतो काय, असे तुमच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. पाठ संपल्यावर त्याचे उत्तर तुम्हीच द्या.

कोशिंबीर म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. फक्त तिचे हे नाव तुमच्या घरात फारसे घेतले जात नसेल. आपल्या घरी बिर्याणी किंवा खिचडी असली, की कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक कापून वर लिंबू पिळतात. त्याला आपण कचुंबर म्हणतो. शेजारच्या मराठी घरात तोच टोमॅटो घेतात, त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घालतात, वरून मोहरी-जिऱ्याची फोडणी देतात आणि तिला कोशिंबीर म्हणतात. कचुंबर आणि कोशिंबीर या मला सख्ख्या बहिणी वाटतात. एक आमच्या घरात वाढली, दुसरी भिंतीपलीकडच्या काकूंच्या घरात. लहानपणी मी दोघींच्याही हातचे, म्हणजे अम्मीच्या आणि काकूंच्या हातचे, मनसोक्त खाल्ले आहे.

आम्ही जातीने बागवान. बागवान हा शब्द फारसी आहे. बाग राखणारा तो बागवान. माझे अब्बा परभणीच्या गुजरीत हातगाड्यावर भाजी विकत. पहाटे ते अडतीवर जात. तेथे मालाचा लिलाव होई. आपल्याकडे त्याला हर्राशी म्हणतात. तेथून माल घेऊन ते गाडा लावत. घरी आम्ही दखनी उर्दू बोलत असू. पण गाड्यापाशी उभे राहिले, की अब्बांची जीभ आपोआप मराठी होई. "या ताई, आजच तोडलेला माल आहे. हात लावून बघा, दगडासारखा कडक!" त्यांनी मराठीचे पुस्तक कधी उघडले नव्हते. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता ते मराठी शिकले. आणि गंमत बघा, तेथे रोज लागणारे कितीतरी शब्द त्यांना नवे नव्हतेच. बाजार, दुकान, तराजू, किंमत, नफा, हिशेब हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. म्हणून मराठीची भीती वाटते असे कोणी म्हणाले, की मी त्याला सांगतो, "अरे, अर्धा बाजार तर तुला आधीच येतो!"

संध्याकाळी उरलेला माल घरी येई. अब्बा टोमॅटोचे तीन ढीग करत. कडक आणि लाल टोमॅटो दुसऱ्या दिवशीच्या विक्रीसाठी. मऊ झालेले सालनासाठी. आणि ज्यांना वाहतुकीत थोडा डाग पडला आहे, पण जे आतून चांगले आहेत, ते कच्चे खाण्यासाठी. डागाचा भाग कापून टाकला, की उरलेला टोमॅटो उत्तम असे. कोशिंबिरीसाठी टोमॅटो कसा असावा, हे मी तेव्हाच शिकलो. तो पूर्ण लाल असावा, पण बोटाने दाबला तर दबू नये. हिरवट टोमॅटो आंबट लागतो आणि फार पिकलेल्याचा लगदा होतो. टोमॅटो थोडे हिरवे असतील तर ते घरात सावलीत, पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवावेत. केळ्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने ते लवकर पिकतात.

आता हा टोमॅटो आला कोठून, तेही ऐका. तो आपल्या देशाचा नाही. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात वाढत होते. मेक्सिकोतील लोकांनी त्याची लागवड केली. ते त्याला 'तोमात्ल' म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथे बराच काळ पुष्कळ लोक त्याला विषारी समजून केवळ शोभेसाठी लावत. पुढे तो पोर्तुगिजांच्या जहाजांतून भारतात आला, असे मानले जाते. वांगी, बटाटा आणि मिरची यांच्याच कुळातला हा पाहुणा. म्हणूनच बंगालमध्ये त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, असे नाव पडले. आपण त्याला टमाटर म्हणतो, मराठीत टोमॅटो म्हणतात, विदर्भात काही ठिकाणी भेदरे म्हणतात.

टोमॅटो फळ आहे की भाजी, हा वाद तर कोर्टातही गेला होता. अमेरिकेत भाजीवर आयात कर होता, फळांवर नव्हता. एका व्यापाऱ्याने टोमॅटो हे फळ आहे असे सांगून कर परत मागितला. १८९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो फळ असला, तरी लोक तो जेवणात भाजी म्हणून खातात. म्हणून कराच्या कामी तो भाजीच.

एकटा टोमॅटोच पाहुणा आहे असेही नाही. मिरची अमेरिकेतली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. मिरची येण्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरत. म्हणजे ज्या कोशिंबिरीला आपण अगदी मराठी पदार्थ समजतो, तिच्यातले तीन मुख्य जिन्नस साता समुद्रांपलीकडून आलेले आहेत. आज त्यांना परके कोण म्हणेल? आपल्या परभणीच्या काळ्या मातीत ते रुजले आणि इथलेच झाले.

चला, आता हात धुऊन कामाला लागू. चार माणसांसाठी पाव किलो टोमॅटो घ्या. मध्यम आकाराचे तीन किंवा चार भरतील. एक लहान कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट, अर्धे लिंबू, चिमूटभर साखर आणि चवीपुरते मीठ. फोडणीसाठी एक चमचा तेल, थोडी मोहरी, थोडे जिरे आणि चिमूटभर हिंग.

टोमॅटो आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. शेतापासून घरापर्यंत त्याला अनेक हात लागलेले असतात आणि त्यावर औषध फवारलेले असू शकते. देठाकडचा कडक भाग काढून टाका. मग टोमॅटो बारीक चिरा. येथे थोडे मराठी शिकून घ्या. भाजी चिरतात, बटाटा सोलतात, गाजर किसतात, शेंगदाणे कुटतात आणि कोथिंबीर निवडतात. उर्दूत आपण बऱ्याच ठिकाणी 'काटना' म्हणून मोकळे होतो. मराठीत प्रत्येक कामाला वेगळे क्रियापद आहे. हे शब्द पाठ करून लवकर विसरले जातात. काम करत शिकले, तर विसरत नाहीत.

चिरलेल्या टोमॅटोत कांदा, मिरची आणि कोथिंबीर घाला. कूट घाला. आता छोट्या कढईत तेल तापवा. मोहरी टाका. ती तडतडली, की जिरे आणि हिंग टाकून लगेच आच बंद करा. आपल्या घरी याला बघार म्हणतात, मराठीत फोडणी. फोडणी किंचित निवू द्या आणि मग कोशिंबिरीवर घाला. गरम तेलाजवळ लहान भावंडांना उभे करू नका. ज्यांना आच वापरायची परवानगी नाही, त्यांनी फोडणी वगळली तरी चालेल. कोशिंबीर रुसत नाही.

मीठ आणि लिंबू मात्र सर्वांत शेवटी, ताटे वाढायच्या वेळी घाला. असे का? चिरलेल्या टोमॅटोवर मीठ पडले, की पेशींमधले पाणी बाहेर येऊ लागते. विज्ञानाच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत वाटीच्या तळाशी पाणी साचते आणि कोशिंबीर सैल पडते. हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. दोन वाट्यांत सारखे टोमॅटो चिरून ठेवा. एकीत मीठ घाला, दुसरीत घालू नका. पंधरा मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहा. परासरणाची व्याख्या मग तुम्हांला घोकावी लागणार नाही. शेंगदाण्याचा कूट हे सुटलेले पाणी थोडेफार शोषून घेतो. काकू कूट सढळ हाताने का घालत, ते मला विज्ञान शिकल्यावर कळले.

मिठावरून आठवले. आमच्या वर्गात मी दरवर्षी हा पदार्थ करून घेतो. सगळे साहित्य टेबलावर मांडलेले असते. एकदा मी सातवीच्या एका मुलाला म्हणालो, "मीठ आण." त्याने मोठ्या आनंदाने साखरेचा डबा आणला. वर्ग हसू लागला. मी मुलांना थांबवले, कारण त्या मुलाचा विचार बरोबर होता. उर्दूत 'मीठा' म्हणजे गोड. मग 'मीठ' म्हणजे साखर, असे त्याने ठरवले. पण मराठीत मीठ म्हणजे नमक. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. संस्कृतात 'मिष्ट' म्हणजे गोड, चवदार. उर्दूने त्यातला गोडवा ठेवला. मराठीने ते नाव अशा वस्तूला दिले, जिच्यावाचून अन्नाला चवच येत नाही. गुजराती भाषेतही नमकाला 'मीठुं'च म्हणतात. त्या मुलाने त्या दिवशी फळ्यावर लिहिले, "मीठ खारट असते, मिठाई गोड असते." हे वाक्य तो परीक्षेतही विसरला नाही.

शब्द वेगळे असले, तरी मिठाची किंमत दोन्ही भाषांना सारखीच ठाऊक आहे. उर्दूत नमकहलाल आणि नमकहराम म्हणतात. मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतात. याचा अर्थ मला कोणत्याही शब्दकोशाने सांगितला नाही. तो मी घरात पाहिला.

मी नववीत असतानाची गोष्ट. पूर्णा नदीकडच्या एका गावचे शेतकरी अब्बांना टोमॅटो देत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्या हिवाळ्यात पीक फार आले. थंडीत टोमॅटोला चांगला बहर येतो. उन्हाळ्यात ऊन फार वाढले, की फुले गळून पडतात. सगळीकडून एकदम माल आल्यामुळे भाव उतरला. वीस किलोच्या कॅरेटला कोणी वीस रुपयेही देईना. तोडणाऱ्या बायकांची मजुरी आणि टेम्पोचे भाडे त्याहून अधिक होते. एके दिवशी मामा दहा कॅरेट घेऊन आले आणि अब्बांना म्हणाले, "बागवान, फुकट घेऊन जा. परत न्यायला भाडे नाही. रस्त्यावर ओतवत नाही."

अब्बांच्या खिशातही त्या दिवशी फार पैसे नव्हते. माझी परीक्षेची फी भरायची होती. फुकटचा माल मिळत होता. घेतला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण अब्बा म्हणाले, "मामा, फुकट घेतले तर उद्या तुमच्या तोंडाकडे बघवणार नाही." त्यांनी टेम्पोचे भाडे आणि मजुरी दिली आणि मगच माल उतरवला. तीन दिवस आम्ही सगळ्यांनी गल्लोगल्ली टोमॅटो विकले. अम्मीने आणि काकूंनी मिळून उरलेल्या टोमॅटोची चटणी केली. पैसे जेमतेम वसूल झाले. फी शेवटच्या तारखेला भरली.

पुढे दोन वर्षांनी अब्बा आजारी पडले. गाडा सव्वा महिना बंद होता. मामांची बाकी द्यायची राहिली होती. मामा घरी आले. आम्हांला वाटले, पैसे मागायला आले. त्यांनी एक पिशवी अम्मीपुढे ठेवली. तिच्यात ज्वारीचे पीठ, शेंगदाणे आणि दोन किलो टोमॅटो होते. बाकीचा शब्दही त्यांनी काढला नाही. जाताना अब्बांना एवढेच म्हणाले, "गाडा लवकर लावा. दुसऱ्याच्या तराजूवर माझा विश्वास नाही." अब्बा हसले. आजारपणात ते पहिल्यांदाच हसत होते.

मित्रांनो, टोमॅटोचा भाव असा वरखाली होतच असतो. जुलै २०२३ मध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. तेव्हा केंद्र सरकारने काही शहरांत तो आधी ९० रुपये किलो दराने आणि मग आणखी स्वस्तात विकायची व्यवस्था केली. भाव वाढला म्हणून पुष्कळांनी लागवड केली. दोनच महिन्यांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही निघेनासा झाला. टोमॅटो नाशवंत आहे. कापूस किंवा सोयाबीनसारखा तो घरात भरून ठेवता येत नाही. म्हणून भाव पडला, की शेतकऱ्याला थांबायला सवडच नसते. भाजी घेताना दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्यापूर्वी एवढे आठवावे.

आता तुमच्या तब्येतीचे बोलू. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती तुम्हांला आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) दाखवून दिले आहे, की देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. मुलांमध्येही हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसणारी मुलगी आळशी नसते. पुष्कळदा तिच्या रक्तात लोह कमी असते. ज्वारीची भाकरी, डाळी आणि पालेभाज्या यांत लोह असते, परंतु शरीर त्यातले थोडेच शोषून घेते. जेवणात क जीवनसत्त्व असले, तर ते अधिक शोषले जाते. ताज्या टोमॅटोत आणि लिंबात क जीवनसत्त्व आहे. शिजवल्यावर ते कमी होते, म्हणून कच्ची कोशिंबीर चांगली. शिजवलेला टोमॅटोही वाया जात नाही. त्याचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते लायकोपीन तेलात शिजवल्यावर शरीराला अधिक मिळते. म्हणून सालनही खा आणि कोशिंबीरही खा. मात्र जेवणाबरोबर चहा घेऊ नका. चहा लोहाला अडवतो. कोशिंबीर औषधाची जागा घेत नाही. गोळी सोडू नका. ती फक्त भाकरीला मदत करते.

दरवर्षी एखादा मुलगा उठून म्हणतो, "सर, हे तर बायकांचे काम आहे." मी त्याला विचारतो, "गेल्या आठवड्यात लग्नात बिर्याणी खाल्लीस ना? देगेपाशी कोण उभे होते?" बावर्ची पुरुषच होते, हे त्याला आठवते. पुरुष शंभर माणसांचा कांदा चिरू शकतो, तर घरच्या चार माणसांचा का नाही? तुमची अम्मी दिवसभर राबते. वीस मिनिटे तिला बसवा आणि कोशिंबीर तुम्ही करा. मुलींनो, भाऊ चिरत असेल तर त्याला हसू नका. त्याला विळी नीट धरायला शिकवा.

आपल्या परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. तेथे तयार झालेली 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात दूरदूरच्या शेतांत पोचली. तुमच्यापैकी एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या तेथे शिकेल. कडक उन्हातही फुले न गाळणारा टोमॅटो शोधून काढील. पण त्यासाठी शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे. मामांसारखा माणूस आपले दुःख सांगेल ते मराठीतच सांगेल.

आता तुमचा गृहपाठ. या शुक्रवारी घरी कोशिंबीर करा. बाजारातून टोमॅटो स्वतः आणा आणि भाजीवाल्या मामांशी किंवा मावशींशी मराठीत बोला. टोमॅटो कोणत्या गावाहून आला, ते विचारा. मग कृती दहा वाक्यांत लिहा. चिरणे, कुटणे, पिळणे, मिसळणे ही क्रियापदे त्यांत आली पाहिजेत. एक वाटी शेजाऱ्यांकडे नेऊन द्या. मराठीतली रीत अशी, की वाटी रिकामी परत येत नाही. तिच्यातून काय परत आले, ते अकराव्या वाक्यात लिहा.